जागेची सवय

६ फेब्रुवारी

व्यसनमुक्ती केंद्रातल्या समुपदेशक बाईंनी निघताना ही वही माझ्या हातात ठेवली. म्हणाल्या, "भावावर ओरडावंसं वाटलं की यात लिहा." मी म्हटलं, एक वही पुरायची नाही. त्या हसल्या. मी काही विनोद केला नव्हता.

तर टिल्लू आज घरी आला. नव्वद दिवसांनी. नाव टिल्लू आणि उंची सहा फूट. लहानपणी चिकटलेलं नाव, आता एकतिसाव्या वर्षी कुठे बदलणार? मी त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी. आईने त्याला फक्त जन्म दिला, बाकी सगळं माझ्या गळ्यात पडलं, असं मी तिला अधूनमधून ऐकवते. गाल भरलेत त्याचे. दारात चपला काढल्या आणि नीट जोडीने भिंतीला लावून ठेवल्या. पूर्वी एक इथे तर एक पार स्वयंपाकघराजवळ. आईला तेवढ्यावरच रडू फुटलं.

बाईंनी सांगितलंय की पहिल्या पानावर स्वतःला काय काय माहीत आहे ते लिहा. मला बरंच माहीत आहे. सतरा वर्षं मी एका संशोधन संस्थेत प्रयोगशाळा सांभाळते. आमच्याकडे पांढऱ्या उंदरांना मॉर्फिन देतात आणि त्यांचा मेंदू त्यातून काय शिकतो ते बघतात. एका पेटीचे दोन भाग असतात. एकाच्या भिंती पट्ट्यापट्ट्यांच्या, दुसऱ्याच्या कोऱ्या. पट्ट्यांच्या भागात उंदराला आठवडाभर औषध द्यायचं, मग औषध बंद करून मधलं दार उघडायचं. उंदीर तडक पट्ट्यांकडे जातो आणि तिथे बसून राहतो. काही मिळत नाही तरी बसतो. मेंदूने औषध नुसतं चाखलेलं नसतं, जागेसकट पाठ केलेलं असतं. टिल्लू जे घ्यायचा ते मॉर्फिनचंच भावंड. तेव्हा त्याला कसं सांभाळायचं हे मला कोणी शिकवायला नको.

९ फेब्रुवारी

त्याच्या खोलीला रंग दिला. होता हिरवट, केला पिवळा. पलंग, खुर्ची, पडदे, टेबलावरचा दिवा, सगळं काढलं. पट्ट्यांच्या भिंतीच ठेवल्या नाहीत तर उंदीर जाणार कुठे?

टिल्लू दाराला टेकून बघत होता. म्हणाला, "ताई, मी बरा व्हायला गेलो होतो की मेलो होतो? कपडेसुद्धा वाटून टाकलेस!"

पाठीत धपाटा घातला. आई म्हणाली, अशुभ बोलू नये. पण तीही हसली. किती महिन्यांनी आम्ही तिघं एकदम हसलो असू.

१५ फेब्रुवारी

बाथरूमचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आज तो दाढी अर्धवट सोडून बाहेर आला, तोंडाला फेस तसाच. अंगावर काटा, नाक वाहतंय, जांभयांवर जांभया.

"काय होतंय?"

"काही नाही गं. तो नळ दिसला की होतं. थंडी भरते, पोटात ढवळतं. तिथेच बसून घ्यायचो ना मी. अंगाला वाटतं, आता येणार. आणि ते तयारीला लागतं."

"कसल्या तयारीला?"

"कुणास ठाऊक. दार लावून घेतल्यासारखी. आतून कोणीतरी पाठ लावून उभं राहिल्यासारखं वाटतं."

मी त्याला लाडूसारखा गोल होऊन पलंगावर पडलेला पाहिला आणि इतका राग आला की ओठ चावला. त्याचा नाही, त्या नळाचा. नळ बदलता येतो. फरशा नाही, त्या घरभर एकाच रंगाच्या आहेत.

२० फेब्रुवारी

आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम दीड महिन्यासाठी परदेशी गेल्या. जाताना मला सगळ्या किल्ल्या दिल्या आणि म्हणाल्या, "तू आहेस म्हणून मी जाऊ शकते." हे मी आईला दोनदा सांगितलं.

चोवीस उंदीर चालू आहेत. रोज थोडं थोडं मॉर्फिन वाढवत त्यांना सवय लावायची आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात एकदा मोठा डोस देऊन श्वास किती मंदावतो ते मोजायचं. सवय झालेली असली की फारसा मंदावत नाही.

पिंजरे सांभाळणारे मामा आज कुरकुरत होते. माझी औषधांची ढकलगाडी त्या खोलीत शिरली की सुई टोचायच्या आधीच उंदीर थरथरतात आणि पिंजरे घाण करतात. मॉर्फिनने खरं तर बद्धकोष्ठ होतं. हे उलटंच. "घाबरतात," मी म्हटलं. मामा म्हणाले, "घाबरत नाहीत हो. कंबर कसतात." मामांना प्रत्येक उंदीर नात्यातला वाटतो.

२७ फेब्रुवारी

घेतली. बाथरूममध्येच घेतली. मी संध्याकाळी आले तर खुर्चीत बसलेला, मान छातीवर, आई शेजारी बसून वारा घालतेय. तिला वाटलं उन्हाने ग्लानी आली. मी पापणी वर केली आणि टाचणीएवढी झालेली बाहुली बघून समजले.

तासाभराने जागा झाला. खोटं बोलला नाही, एवढं त्याच्या बाजूने लिहून ठेवते. "अर्धीच घेतली ताई. केंद्रातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता पूर्वीइतकी झेपायची नाही. म्हणून अर्धीच." आणि मूठ उघडली. निळ्या चकचकीत कागदाची पुडी, एका कोपऱ्याला दाढीचा फेस लागलेली. मला ती हातात घ्यायची किळस आली. रोज मॉर्फिन हाताळणारी मी, पण ती घेववेना. म्हटलं, "जा, टाकून पाणी सोड." तो आत गेला. पाणी सोडल्याचा आवाज मी ऐकला.

आईला सांगितलं नाही. रात्रीचं जेवण कोणालाच गेलं नाही. मी त्याला खूप बोलले. तुझ्यापायी लग्न केलं नाही असंही बोलले. ते खरं नाही.

२ मार्च

ठरवलं. हे घरच त्याच्यासाठी पट्ट्यांची पेटी आहे. मावशीच्या वरच्या मजल्यावर एक खोली रिकामी आहे. शहराच्या दुसऱ्या टोकाला, पांढऱ्या भिंती, वेगळ्या फरशा, खिडकीबाहेर दुसरीच झाडं. तिथे त्याने आयुष्यात कधी घेतली नाही. त्याच्या मेंदूला त्या खोलीतलं काहीच पाठ नाही.

तो नको म्हणाला. भांडला नाही, भांडला असता तर बरं झालं असतं.

"ताई, इथे मला कळतं तरी. कुठून येतंय, केव्हा येतंय. मी सावध असतो."

"सावध होतास म्हणून घेतलीस का परवा?"

मग म्हणाला, "तिथे माझ्या अंगाला काहीच ठाऊक नसेल."

"तेच तर हवंय मला!" मी म्हटलं.

आईला तो दूर जायला नको होता. मी तिला सगळा प्रयोग समजावून सांगितला, पेटीचं चित्र काढून. ती म्हणाली, "तू शिकलेली आहेस. तुला जे बरं वाटतं ते कर."

४ मार्च

पोचवून आले. मावशीने चादर घातली होती, पाण्याचा तांब्या ठेवला होता. टिल्लू खिडकीत उभा राहून म्हणाला, "छान आहे." मी वळून पाहिलं तर तो आधार शोधल्यासारखा भिंतीवरून हात फिरवत होता.

७ मार्च

उंदरांच्या खोलीचं छत गळतंय, दुरुस्ती सुरू झाली. अर्धी खोली रिकामी करायची होती म्हणून बारा उंदीर परवा खालच्या खोलीत नेले. बारा वरच राहिले. आज सगळ्यांना मोठा डोस होता.

वरच्यांतला एक मेला. खालचे आठ मेले.

बारातले आठ. तासाभरात. मी एकेकाच्या छातीवर बोट ठेवून चोळत होते. सतरा वर्षांत असं झालं नाही.

९ मार्च

बाटली तीच. वजनकाटा दोनदा तपासला. प्रत्येक उंदराचं वजन, प्रत्येक सिरिंजवरची रेघ, सगळं वहीत आहे आणि सगळं बरोबर आहे. खालच्या खोलीचं तापमान तेच, खाणं तेच, पाणी तेच, टोचणारा हात माझाच. मग काय झालं?

मामा आठ पिंजरे धूत होते. म्हणाले, "मी सांगितलं होतं, हलवू नका. जागा बदलली की बिचाऱ्यांना कळत नाही काय येतंय ते." मी म्हटलं, मामा, जागेने कोणी मरत नाही, औषधाने मरतं. मामांनी पाण्याचा नळ मोठा केला. असे रुसतात ते.

मॅडमना कळवायला हवं. पण कळवलं की पहिला प्रश्न, तू नीट मोजलंस का? फोनवर तो प्रश्न मला ऐकवणार नाही. आधी चूक सापडू दे. सापडली की कळवते.

१४ मार्च

मावशीकडे जाऊन आले. टिल्लूने खिडकीची कडी दुरुस्त केलीय, मावशीच्या शिलाई मशीनला तेल दिलंय. मावशी म्हणते, इतकी वर्षं कुठे लपवला होतात याला. मी मुद्दाम विचारलं, जांभया? थंडी? नाक?

"काही नाही. दहा दिवसांत एकदाही नाही. अंग अगदी गप्प आहे ताई."

मला इतका आनंद झाला की जिन्यात उतरताना मी चक्क गुणगुणत होते. आईला सांगितलं, जमलं. तिने डोळे मिटून हात जोडले, कोणाला ते तिलाच ठाऊक.

उंदरांचं अजून सापडलेलं नाही. उद्या नवी बाटली उघडून तुलना करते.

१९ मार्च

टिल्लू गेला. दुपारी. मावशी जेवायला हाक मारत होती.

२ एप्रिल

लिहिता येत नव्हतं.

मावशीने हाका मारल्या, मग ती वर गेली. तो भिंतीला टेकून बसला होता. ती म्हणते, चेहरा शांत होता, ओठ तेवढे निळे. मी पोचले तेव्हा हात गार होते. मी त्याच्या छातीवर चोळत राहिले. डॉक्टरांनी मला बाजूला केलं तेव्हा मी त्यांच्या हाताला चावले म्हणे, मला आठवत नाही.

सगळे म्हणतात, जास्त घेतली. भेटायला येणारा प्रत्येक माणूस आवाज खाली आणून हेच म्हणतो. मावशीच्या शेजारणीने तर आईसमोरच विचारलं, "काही चिठ्ठी वगैरे सापडली का?" तेव्हापासून आई बोलत नाही. काल संध्याकाळी एकच वाक्य बोलली. "आपण घराबाहेर काढलं म्हणून त्याने जीव दिला." आपण काढलं म्हणाली. तू काढलंस म्हणाली नाही.

मी म्हटलं, "आई, असं नसेल." पण मलाही तसंच वाटतंय. भिंतीवरून फिरणारा तो हात दिसतो. संस्थेत पिंजऱ्यांच्या रांगेतून जाताना दिसतो, पाणी पिताना दिसतो.

५ एप्रिल

पोलिसांनी त्याचं सामान परत दिलं. घड्याळ, शर्ट, पेचकस. आणि पाकिटात घालून एक कागद. निळा, चकचकीत. रिकामा.

तीच पुडी. घडीच्या एका कोपऱ्याला दाढीचा फेस वाळून पांढरा डाग पडला होता, तो मी त्या दिवशी पाहिला होता. त्याने टाकलीच नव्हती. पाणी तेवढं सोडलं होतं.

म्हणजे नवी आणली नव्हती. म्हणजे तेवढीच घेतली, उरलेली अर्धी. त्या दिवशी अर्धीने तासभर झोपला आणि उठून बसला. मग या वेळी? चूक कुठे आहे तेच कळत नाही.

८ एप्रिल

मॅडम आल्या. भावाचं कळलं म्हणाल्या, माझे दोन्ही हात हातात घेतले. कसा गेला ते विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. मग मी उंदरांची वही पुढे केली. वाटलं, एकदाच काय बोलायचं ते बोलून घ्या.

त्यांनी आकडे वाचले. वर एक, खाली आठ. आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अगं, तू घाबरलीस कशाला? हे तर जुनं आहे. पाठ्यपुस्तकात आहे. इतका स्वच्छ निकाल मात्र मी प्रथम बघतेय!"

आणि खडू घेऊन फळ्यावर समजावू लागल्या. रोज एकाच जागी औषध मिळालं की मेंदू जागेवरून ओळखतो, आता येणार. आणि औषध जे करणार त्याच्या नेमकं उलट आधीच सुरू करतो. औषध अंग सुस्त करणार म्हणून ते थरथरतं. औषध आतडी बांधणार म्हणून ती सुटतात. औषध श्वास मंद करणार म्हणून मेंदू श्वासाला जोर लावून ठेवतो. आपण ज्याला सवय म्हणतो त्यातला मोठा भाग हाच. तो शिकलेला असतो आणि तो जागेला बांधलेला असतो. अनोळखी जागी खूण मिळत नाही, अंग बेसावध राहतं, आणि तेवढाच डोस जीव घेतो.

"माणसांतही?" मी विचारलं.

"माणसांतही. दवाखान्यांच्या नोंदी आहेत. रोजचंच प्रमाण, फक्त जागा नवी." खडू ठेवून त्या म्हणाल्या, "तू सात मार्चलाच फोन का नाही केलास? तेव्हाच सांगितलं असतं."

मी हात धुवायला गेले. नळ चालू करून उभी राहिले. सात मार्च. तो एकोणीसला गेला. मध्ये बारा दिवस होते.

मी जिला त्याची तलफ समजले होते, ते त्याचं कवच होतं. दार लावून घेतल्यासारखं, तो म्हणाला होता. ते दार मी पिवळा रंग लावून, पलंग काढून, चित्र काढून आईला पटवून, स्वतःच्या हाताने उघडून दिलं. आणि ते उघडलं तेव्हा जिन्यात गाणं म्हणत होते.

९ एप्रिल

मॅडमना प्रयोग पुन्हा करायचा आहे. नवे चोवीस उंदीर मागवलेत. मी म्हटलं, खालच्या खोलीत मी जाणार नाही. त्यांनी कारण विचारलं. शेजारी उभे असलेले मामा म्हणाले, "मी जाईन त्यांच्याऐवजी." मी मामांकडे बघू शकले नाही.

१२ एप्रिल

आई पाणीसुद्धा सांगितल्याशिवाय पीत नाही. सारखी भिंतीकडे तोंड करून पडते. आज कूस न बदलताच म्हणाली, "मरताना त्याला वाटलं असेल, माझं कोणी नाही."

गप्प बसणं सोपं होतं. गप्प बसले तर सगळं टिल्लूवर राहत होतं, जास्त घेतली, जीव दिला. आणि मी गुणाची बहीण, जिने खूप केलं. येणारे-जाणारे तसं म्हणतातच.

मी आईच्या पलंगावर बसले आणि सांगितलं. पुडी एकच होती. अर्धी या घरात घेतली, अर्धी तिथे. कणभरही जास्त नाही. या घरात त्याचं अंग सावध होतं म्हणून वाचला. तिथे नव्हतं म्हणून गेला. आणि तिथे त्याला मी नेलं, तो नको म्हणत असताना.

आईने कूस बदलली. मग उठून बसली. केस मागे सारले.

"म्हणजे त्याला मरायचं नव्हतं."

"नव्हतं आई. दुसऱ्या दिवशीही काहीतरी दुरुस्तच करत बसला असता तो."

"नक्की?"

"नक्की."

तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता थोबाडीत मारेल. मारली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "परत सांग."

२६ एप्रिल

आई पुन्हा जेवायला लागली. आज मावशीशी फोनवर बोलली, त्या शेजारणीची चांगली खरडपट्टी काढली. "माझा मुलगा जीव देणारा नव्हता. विचार माझ्या मुलीला, तिला शास्त्र माहीत आहे."

रोज सकाळी चहा पुढ्यात घेऊन बसते आणि म्हणते, परत सांग. मी सांगते. पुडी एकच होती. घरी अर्धी, तिकडे अर्धी. ती मान हलवत ऐकते, जिथे त्याला मरायचं नव्हतं हे येतं तिथे डोळे मिटते, आणि मग दिवसभर बरी असते. मी कामावर जाते. बसमध्ये, जिन्यात, कपाट उघडताना, माझं तोंड आपोआप हलत असतं. मामांनी विचारलं, "काय पाठ करताय?"

३ मे

आज चहा घेऊन बसल्यावर आईने माझा हात धरला. म्हणाली, "आज नुसतं त्याचं सांग. त्याला मरायचं नव्हतं, एवढंच. तुझं राहू दे. वाळलीस किती, बघ जरा आरशात."

मी तेवढंच सांगितलं. तिने डोळे पुसले, म्हणाली, "झालं," आणि कप उचलून उठायला लागली.

"बस ना आई," मी म्हटलं, "अजून संपलं नाही." आणि खोलीचा रंग कोणी बदलला ते सांगितलं. तो नको म्हणत होता ते सांगितलं. मॅडमना फोन का केला नाही ते सांगितलं.

"अगं, पुरे," आई म्हणाली. "मी मागितलं नव्हतं हे."

मी थांबले नाही. मावशीचा जिना, मी गुणगुणत होते ते, त्याचा भिंतीवरचा हात, सगळं शेवटपर्यंत सांगितलं. आईने माझ्या तोंडावर हात ठेवला. तो बाजूला करून मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.